लग्नाआधी गर्भनिरोधक ठरवताना: तारखेपासून उलटं मोजा

गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट लग्नाच्या चार दिवस आधी हातात पडलं, तर पहिल्या आठवड्यात त्याचा उपयोग होईलच असं नाही. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत गोळी सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. मधल्या कुठल्याही दिवशी सुरू केली तर सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय पहिल्या एक-दोन पाकिटांत मळमळ, स्तनांत दुखरेपणा, मधूनच डाग लागणं हे सगळं होऊ शकतं, आणि ते नेमकं लग्नाच्या धावपळीत नको असतं. म्हणून या विषयात पहिलं काम म्हणजे कॅलेंडर उघडायचं आणि लग्नाच्या तारखेपासून तीन महिने मागे जायचं. तेवढा वेळ नसेल तरी मार्ग आहेत, पण ते कमी आहेत.

आधी दोघांनी ठरवायच्या गोष्टी

डॉक्टरांकडे जाऊन "सगळ्यात चांगली पद्धत कोणती?" असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळत नाही, कारण ते तुमच्या उत्तरांवर अवलंबून असतं. पहिला प्रश्न, मूल किती काळ नको आहे? सहा महिने, दोन वर्षं की पाच वर्षं? दुसरा, चुकून दिवस गेलेच तर चालणार आहे का? तिसरा, रोज ठरलेल्या वेळी एक गोष्ट न विसरता करणं तिला जमतं का, आणि दरवेळी कंडोम वापरायला तो मनापासून तयार आहे का? ही उत्तरं दोघांची सारखी नसतील तर ते लग्नाआधी कळलेलं बरं.

"बघू, झालं तर झालं" हेही उत्तर आहे. पण मग तिने दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला हवं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पाळी चुकल्याचं लक्षात येतं त्या सुमारासच बनत असते, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर गोळी सुरू करायला उशीर झालेला असतो.

आता आकडे. काहीच न वापरता नियमित संबंध ठेवणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. वीर्यपतनाआधी बाहेर काढण्याच्या पद्धतीत साधारण २०, कंडोममध्ये १३, गोळ्यांमध्ये ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये ४, गर्भाशयात बसवायच्या तांबीमध्ये (कॉपर-टी) एकाहून कमी आणि दंडात बसवायच्या इम्प्लांटमध्ये हजारात एखादी. हे आकडे माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात त्याचे आहेत, विसरणं आणि कंटाळा धरून. तेच कंडोम दरवेळी बरोबर वापरले तर १३ चे २ होतात, आणि गोळी एकही न चुकवता घेतली तर ७ चा आकडा एकाच्याही खाली येतो. थोडक्यात, कंडोम आणि गोळीचं बरंचसं अपयश वापरण्यातलं असतं. तांबी आणि इम्प्लांट यांत वापरणाऱ्याला रोज काही करायचंच नसतं, म्हणून तिथे हा फरक जवळजवळ दिसत नाही.

तीन महिने आधी: डॉक्टरांना काय सांगायचं

गोळी, इंजेक्शन किंवा इम्प्लांट सुरू करण्यासाठी आतून तपासणी लागत नाही. ही गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण अनेक मुली निव्वळ त्या भीतीने जात नाहीत. गोळीसाठी लागतो तो रक्तदाब आणि खरी माहिती. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर असेल तर इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली, म्हणजे नेहमीची गोळी सहसा देत नाहीत.

खरी माहिती म्हणजे पुढच्या गोष्टी, विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगायच्या. अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेषा किंवा आंधळा ठिपका येतो का? तसं होत असेल तर इस्ट्रोजेनची गोळी वर्ज्य, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. स्वतःला कधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे का, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरुणपणी झाली आहे का? यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, धूम्रपान (वय ३५ च्या पुढे असेल तर विशेष)? आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं.

औषधांच्या बाबतीत गफलत फार होते. क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉल ही औषधं यकृताला गोळीतले हार्मोन वेगाने मोडायला लावतात. गोळी नियमित घेऊनही दिवस जाऊ शकतात. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, गोळीमुळे त्याचीच रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. घसादुखीसाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी देतात ती नेहमीची अँटिबायोटिक्स मात्र गोळीला निकामी करत नाहीत. तो समज जुना आहे.

लग्नाआधी चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेतल्या जातात, त्यांचं वेगळंच महत्त्व आहे. या औषधाने गर्भात गंभीर व्यंग येतं. ते चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहताच कामा नयेत. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही गर्भाला घातक, पण ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. रुबेलाची लस राहिली असेल तर याच भेटीत घेऊन टाका. ती घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नसतात, तीन महिने हातात असले की हे सहज बसतं.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या दोघांनीही करायच्या. थॅलेसेमियाचा वाहक ओळखायला साध्या हिमोग्लोबिनच्या जोडीला एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते पाहावं लागतं. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि "मूल कधी" या प्रश्नाचं उत्तर मग निराळ्या सल्ल्याने ठरवावं लागतं.

गोळी: पाकीट हातात आल्यापासून

बहुतेकींना दिली जाते ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन अशी दोन्ही असलेली गोळी. पाकिटात २१ गोळ्या असतील तर २१ दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं, आठव्या दिवशी नवं पाकीट, मग पाळी संपलेली असो वा नसो. २८ चं पाकीट असेल तर शेवटच्या सात (काही ब्रँडमध्ये चार) वेगळ्या रंगाच्या गोळ्यांत हार्मोन नसतं, लोह तरी असतं किंवा काहीच नसतं. त्यात खंड पडत नाही, म्हणून नवख्या मुलीला २८ चं पाकीट सोपं जातं.

पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करा, म्हणजे हिशेबच उरत नाही. वेळ अशी निवडा जी लग्नानंतरही टिकेल. "सकाळी आंघोळीनंतर" हे माहेरी ठीक असतं, सासरच्या नव्या दिनक्रमात किंवा प्रवासात कोलमडतं. रात्री झोपताना घेतली तर मळमळही झोपेत निघून जाते. मोबाइलला गजर लावा, पाकीट हाताशी असलेल्या पर्समध्ये ठेवा. मोठ्या सुटकेसमध्ये टाकलेलं पाकीट नेमकं लागेल तेव्हा सापडत नाही.

चुकलीच तर काय करायचं, ते पाकिटासोबतच्या कागदावर असतं, पण तो कागद कोणी वाचत नाही.

१. एक गोळी चुकली, म्हणजे २४ तासांहून जास्त पण ४८ तासांहून कमी उशीर झाला: आठवेल तेव्हा घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला घ्या. एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. जादा काळजीची गरज नाही.

२. दोन किंवा जास्त चुकल्या: चुकलेल्यांपैकी फक्त शेवटची एक घ्या, आधीच्या टाकून द्या, पाकीट पुढे चालू ठेवा. सलग सात हार्मोनच्या गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरा.

३. या दोन गोळ्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आलेला असेल: तातडीच्या गर्भनिरोधकाचा विचार करा (शेवटचा "चूक झाली तर" हा भाग पाहा).

४. हार्मोनच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील: उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या संपवा आणि मधला आठवडा न घेता थेट नवं पाकीट सुरू करा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. सात दिवस हार्मोन नसताना अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागलेलं असतं. आठव्या दिवशी गोळी मिळाली तर ते पुन्हा शांत होतं. हीच सुट्टी नऊ-दहा दिवसांची झाली तर स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. म्हणजे पाकिटाच्या मधली एक गोळी विसरण्यापेक्षा नव्या पाकिटाची सुरुवात लांबणं जास्त महागात जातं. पुढचं पाकीट आधीचं संपायच्या आतच घरात हवं.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेली असं धरून दुसरी घ्या. पहिले तीन महिने मधूनच डाग लागले तर घाबरून बंद करू नका, ते सहसा आपोआप थांबतात. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक छातीत दुखणं किंवा धाप लागणं, कधी नव्हे इतकं तीव्र डोकं दुखणं, दृष्टीत बिघाड किंवा एका बाजूला बधिरपणा यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचित होतं, पण झालं तर थांबून बघण्यासारखं नसतं.

इस्ट्रोजेन चालत नसेल तर फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची गोळी आहे. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज, मधे सुट्टी न घेता घ्यायची आणि १२ तासांहून जास्त उशीर करायचा नाही. पाळी अनियमित होते, कधी थांबते. आठवड्याची सेंटक्रोमॅन ही गोळी हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. वार ठरवून घ्यायच्या आणि त्यांत गल्लत करायची नाही. पाळ्या लांबतात, आणि "पाळी चुकली" या धास्तीत जगणं जिला जमणार नाही तिने आधीच विचार करावा.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी गर्भनिरोधक नाही

लग्नाच्या तारखेला पाळी येऊ नये म्हणून नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आता गंमत बघा. ही गोळी घेणारी मुलगी हार्मोनच घेत असते, रोज घेत असते, त्यामुळे "मी गोळीवर आहे" असं दोघांनाही वाटतं. पण ती सुरू होते तेव्हा त्या महिन्याचं स्त्रीबीज कधीच बाहेर पडून गेलेलं असतं, आणि बंद केल्यावर पुढच्या चक्राला कुठलंही संरक्षण उरत नाही. अशी ती गर्भनिरोधक म्हणून मोजतच नाहीत. या गोळीवर असताना कंडोम हवाच. गुठळीचा इतिहास असेल तर ही गोळीही डॉक्टरांना सांगून-विचारूनच, कारण या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो.

तीन महिने आधी गोळी सुरू केलेलीला हा वेगळा खटाटोप करावा लागत नाही. समजा लग्न २० तारखेला आहे. २१ गोळ्यांचं पाकीट आधीच्या, ३१ दिवसांच्या महिन्याच्या २७ तारखेला सुरू झालं, तर शेवटची गोळी १६ ला येते आणि पाळी १८ ते २० च्या दरम्यान, म्हणजे ऐन लग्नात. तर १६ ला पाकीट संपल्यावर सुट्टी न घेता १७ ला नवं पाकीट सुरू करायचं. पाळी ते पाकीट संपल्यावर येईल. २८ च्या पाकिटात वेगळ्या रंगाच्या गोळ्या सोडून नव्या पाकिटाची पहिली गोळी घ्यायची. पाळी तुंबते, रक्त साचतं वगैरे काही होत नाही, गोळीवर असताना गर्भाशयाचं अस्तर मुळातच पातळ राहतं. हार्मोनच्या गोळ्याच दोन-तीन रंगांच्या असतील तर मात्रा आठवड्यागणिक बदलते, अशा पाकिटाबाबत डॉक्टरांना विचारून घ्या.

कंडोम: सराव आधी करा

दुसरी पद्धत कोणतीही ठरली तरी पहिल्या दिवसापासून कंडोम घरात असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गोळीचा गोंधळ झाला तर तोच सांभाळून घेतो, आणि लैंगिक संसर्गापासून संरक्षण फक्त त्यानेच मिळतं. पण पहिल्याच रात्री, अंधारात, घाईत कंडोम लावायला शिकणं हे फसण्याचंच लक्षण. मुलाने आधी एकट्याने चार-पाच वेळा लावून-काढून बघावा.

वेष्टनावरची मुदत पाहा. बोटांनी दाबून आत हवेची उशी जाणवते का बघा, नसेल तर वेष्टनाला भोक आहे. कंडोम एका बाजूला सरकवून कडेने हाताने फाडा, दात किंवा कात्री नको. गुंडाळीची कड बाहेरच्या बाजूला हवी, म्हणजे ती सहज उलगडते. उलटा लावला गेला तर फिरवून तोच वापरू नका, टाकून द्या, कारण टोकाला वीर्याचा थेंब लागलेला असू शकतो. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि पूर्ण ताठर लिंगावर मुळापर्यंत उलगडा. टोकात हवा राहिली की फुग्यासारखा फाटतो. वीर्यपतनानंतर ताठरपणा जायच्या आत, कड मुळाशी घट्ट धरून बाहेर यायचं. बहुतेक वेळा कंडोम आत राहतो तो इथेच केलेल्या आळसामुळे. गाठ मारून कचऱ्यात टाका, संडासात नाही.

फाटण्याचं दुसरं मोठं कारण कोरडेपणा. सुरुवातीच्या दिवसांत ताण असतो, ओलावा कमी असतो. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं वंगण बाहेरून लावा. खोबरेल तेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, अंगाला लावायचं क्रीम यांपैकी काहीही लॅटेक्सच्या कंडोमला चालत नाही, काही मिनिटांतच रबर कमकुवत होतं. योनीत ठेवायच्या बुरशीविरोधी औषधांचा पायाही अनेकदा तेलकट असतो. दोन कंडोम एकावर एक घातले तर ते एकमेकांवर घासून फाटतात. पाकिटावर रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, नेहमीचा कंडोम ५२-५३ चा असतो. मुळाशी वळ उठत असेल तर मोठा घ्या, सरकत असेल तर ४९ च्या आसपासचा. पैशाच्या पाकिटात किंवा गाडीच्या कप्प्यात महिनोन्महिने ठेवलेला कंडोम उष्णतेने खराब होतो. खाज, लाली, सूज आली तर लॅटेक्सची अॅलर्जी असू शकते, पॉलीयुरेथेनचे किंवा पॉलीआयसोप्रीनचे मिळतात.

जाता जाता एक, कारण याच दिवसांत हा त्रास हमखास निघतो. नव्याने संबंध सुरू झाले की लघवीला जळजळ होणं ही सर्रास आढळणारी तक्रार आहे. संबंधानंतर लघवीला जाऊन येणं, पुरेसं पाणी पिणं याने फरक पडतो. शुक्राणूनाशक लावलेले कंडोम वापरत असाल तर साधे वापरून बघा, त्या रसायनाने हा जंतुसंसर्ग वाढतो. ताप आला किंवा कंबरेत दुखलं तर औषध लागतं.

तांबी, इम्प्लांट, इंजेक्शन

तांबी मूल न झालेल्या स्त्रीलाही बसवता येते. तिने वंध्यत्व येतं हा समज खोटा आहे. बसवताना आधीच असलेला संसर्ग मात्र तपासावा लागतो. ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, लगेच काम सुरू करते, काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोटात दुखतं. आधीच पाळी जड असेल, रक्त कमी असेल तर हार्मोनची तांबी बघा, तिने रक्तस्राव उलट कमी होतो. ज्या मुलीचा आजवर संबंध आलेला नाही तिच्यासाठी लग्नाआधी तांबी बसवणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य नाही, पण दुखणं आणि भीती दोन्ही जास्त असतात. पहिले काही महिने कंडोम वापरून मग बसवणं शहाणपणाचं. बसवल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी दाखवून या. निसटण्याची शक्यता पहिल्या वर्षात जास्त असते, तेव्हा दर पाळीनंतर तांबीचा धागा योनीत बोटाला लागतो का पाहा.

इम्प्लांट म्हणजे दंडाच्या कातडीखाली बसवायची काडेपेटीच्या काडीएवढी मऊ कांडी. तीन वर्षं थांबायचं असेल आणि रोजची कटकट नको असेल तर याहून भरवशाचं काही नाही. कोणत्याही दिवशी डाग लागू शकतात, ही तिची मुख्य तक्रार.

तीन महिन्यांचं इंजेक्शन नव्या जोडप्याने नीट विचार करून घ्यावं. ते परिणामकारक आहे, पण थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी दहा महिने लागतात. "एक वर्षाने चान्स घेऊ" असं ठरवलेल्यांना हे सोयीचं नाही. आणि एकदा टोचलं की तीन महिने ते परत काढता येत नाही.

"सुरक्षित दिवस" मोजायचेच असतील तर

शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे धोक्याचे दिवस सहा, पण ते कोणते हे नंतर कळतं. हिशेब असा. निदान सहा पाळ्यांच्या तारखा लिहा. सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात लांब चक्रातून ११. चक्र २६ ते ३२ दिवसांचं असेल तर आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत धोका, एकूण १४ दिवस. पाळीचा पहिला दिवस तो पहिला धरायचा. लग्नाची दगदग, जागरणं, प्रवास यांनी स्त्रीबीज सुटण्याची तारीख पुढे-मागे होते, त्यामुळे नेमक्या या महिन्यांत हे गणित सगळ्यात कमी विश्वासाचं. वीर्यपतनाआधी बाहेर काढण्याबद्दल एवढंच, की त्याला लागणारं नियंत्रण अनुभवाने येतं आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो.

चूक झाली तर

कंडोम फाटला, गोळ्या चुकल्या, काहीच वापरलं नाही. धुणं, लगेच लघवीला जाणं, उड्या मारणं यांचा काहीही उपयोग नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टाल ३० मिलिग्रॅम १२० तासांपर्यंत चालते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी, वजन जास्त असेल तर विशेषच, कारण गोळ्यांचा परिणाम तिथे कमी पडतो.

या गोळ्या स्त्रीबीज सुटणं लांबवतात. राहिलेला गर्भ त्या पाडत नाहीत. स्त्रीबीज सुटून गेलं असेल तर गोळी काही करू शकत नाही. लांबवलेलं स्त्रीबीज पुढच्या काही दिवसांत सुटू शकतं, म्हणून त्याच महिन्यात पुन्हा काहीही न वापरता संबंध आला तर धोका उलट वाढतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्या. रोजची गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेलनंतर लगेच चालू करा आणि सात दिवस कंडोम वापरा. युलिप्रिस्टाल घेतली असेल तर पाच दिवस थांबून रोजची गोळी सुरू करा, एरवी दोन्ही एकमेकींना मारक ठरतात. गोळी सुरू झाल्यावरही आणखी सात दिवस कंडोम लागतो. पुढची पाळी पुढे-मागे होते. आठवड्याहून जास्त लांबली, किंवा त्या संबंधाला तीन आठवडे होऊन पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा.

दर महिन्याला तातडीची गोळी लागत असेल तर निवडलेली पद्धत तुम्हाला झेपत नाही, दुसरी घ्या. पद्धत बदलताना मधे रिकामी जागा सोडू नका. गोळीवरून तांबीवर जायचं तर तांबी बसेपर्यंत गोळी चालू, तांबीवरून गोळीवर यायचं तर तांबी काढण्याच्या सात दिवस आधी गोळी सुरू.